मनोविकार विभागात पुरुष समाजकार्यकर्ते का नकोत?

‘समाजकार्य हे बायकांचं काम’ असं म्हणणाऱ्यांनी जरा कारखान्यांकडे पाहावं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. समाजकार्य शिकलेले कितीतरी पुरुष त्या नोकरीत गेले. कामगाराची दारू, कर्ज, घरातली भांडणं, आजारपण ऐकून घेणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. दारावर ‘ऑफिसर’ची पाटी असल्याने त्याला कुणी बायकी म्हटलं नाही. तेच ऐकणं मनोविकार विभागात आलं, की मुलाच्या घरचे विचारतात, ‘मेंटलमध्ये नोकरी करणार का?’

दुसरा गैरसमज प्रोत्साहनाच्या वेषात येतो, म्हणून जास्त घातक: ‘पुरुष हवेतच, वॉर्डात दांडगे पेशंट आवरायला लागतात.’ बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आहे. तात्काळ धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल, तरच आणि तेवढ्यापुरतंच त्याला जखडता येतं, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. माणसं कमी पडतात हे कारण चालत नाही. ताकदीसाठी पुरुष भरायचे असतील, तर ती जाहिरातच चुकीची.

मग मनोविकार विभागातला समाजकार्यकर्ता दिवसभर करतो काय? ‘धीर देतो’ हे उत्तर अपुरं आहे. तो केस हिस्ट्री घेतो: गोळ्या कधी सुटल्या, शेत कुणाच्या नावावर, घरात पेशंटशी बोलतं कोण. होम व्हिजिट करतो. डिस्चार्जआधी भावाला, बायकोला समजावतो, कारण घरचे न्यायला आले नाहीत तर बरा झालेला माणूसही वॉर्डातच राहतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर योजनांचे लाभ मिळू शकतात. त्या कागदांमागे हाच धावतो. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे मिळालं, ते रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्यासाठी. पेशंटच्या तोंडून निघालेल्या एखाद्या गावाच्या नावावरून पत्ता शोधायचा आणि त्याला रेल्वेने घेऊन जायचं, हेही समाजकार्यच.

‘पुरुष पुरुषाशीच मोकळं बोलतो’ हेही सरसकट खरं नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलं आणि दारुडे म्हणून हिणवलेले पुरुष त्यांच्यापुढे बोलते झाले. पण व्यसनातून सुटलेले पुरुषही तिथे कार्यकर्ते झाले, आणि त्यांच्याजवळ बोलणं काहींना सोपं जातं. मुद्दा पेशंटला निवड मिळण्याचा आहे, आणि मदतीची गरज असलेले पुरुष थोडे नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यात १,२२,७२४ पुरुष. राज्यांमध्ये सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही मानसिक विकारांचं प्रमाण पुरुषांत १३.९ टक्के होतं, स्त्रियांत ७.५. गावात मानसिक आजारांची चौकशी बहुधा आशाताई करतात, तीही दिवसा, पुरुष शेतात किंवा पारावर असताना. पारावर जाऊन बसणारा कुणी हवा, एवढी साधी गरज आहे.

राहिला पैसा. ‘समाजसेवा म्हणजे फुकट’ हे खोटं: रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं रीतसर पद असतं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही जागा असते. २०१७ च्या कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्याची पात्रताही ठरवून दिली: एमएसडब्ल्यू आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण. मात्र अनेक जागा कंत्राटी आहेत, ही तक्रार खरी आहे आणि ती सरकारदरबारी मांडायलाच हवी. फक्त ‘पुरुषाला घर चालवायचं असतं’ हे कारण तिला जोडू नये. त्याच कंत्राटावर कितीतरी बायका आज घर चालवत आहेत.