पेडलविरहित स्टील गिटार : दुर्मीळ वाद्याची मालकी आणि फेरबदलाची मर्यादा

प्रस्तावना

हिंदी चित्रपटगीतांच्या केवळ वाद्यावर वाजविलेल्या धुना ज्यांनी आकाशवाणीवरून वा ध्वनिमुद्रिकांवरून ऐकल्या आहेत, त्यांना 'हवाईयन गिटार' या नावाने आपल्याकडे रूढ झालेल्या वाद्याचा नाद अपरिचित नाही. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणारी मींड ही त्याची ओळख होय. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवतात. डाव्या हाताने तार पडद्यावर दाबण्याऐवजी पोलादाचा गुळगुळीत दांडा तारांना टेकवून सरकवितात. 'स्टील गिटार' हे नाव या दांड्यावरून पडले आहे, वाद्याच्या अंगावरून नव्हे. अंग लाकडाचे असेल, ॲल्युमिनियमचे असेल, बॅकेलाइटचेही असेल.

पुढे या वाद्याला पायाने दाबावयाची पेडले जोडण्यात आली आणि त्याचे दोन पंथ झाले. प्रस्तुत लेखात पेडलविरहित वाद्याचा, त्यातही विजेवर चालणाऱ्या जुन्या वाद्यांचा विचार करावयाचा आहे. अशी वाद्ये आज मोजक्याच संग्राहकांकडे व वादकांकडे आहेत. ती वाजवावयाची तर थोडाफार फेरबदल अटळ असतो. आणि फेरबदल केला की जुन्या वाद्याचा पुरावा म्हणून असलेला काही अंश कायमचा नष्ट होण्याचा संभव असतो. मालकाने कोठे थांबावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

फेरबदलातून जन्मलेले वाद्य

हे वाद्य मुळात फेरबदलातूनच जन्मले, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. हवाई बेटांतील ओआहू येथील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) याने विद्यार्थिदशेत, १८८९ च्या सुमारास, साध्या गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून हे तंत्र सिद्ध केले, असे सामान्यतः मानले जाते. गॅब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या खलाशाने त्याआधीच असा प्रयोग केला होता, असाही एक दावा आहे. तो सिद्ध झालेला नाही. पण आपल्याकडील विचित्रवीणेची वादनरीत पाहता तो अगदीच अशक्यही वाटत नाही. तंत्र कोणाचेही असो, त्यासाठी गिटारमध्ये एक बदल करावा लागला : खुंट्यांकडील आड उंच करून तारा पडद्यांपासून दूर उचलाव्या लागल्या. आड काढून जुनी बसविली की गिटार पुन्हा पूर्ववत होई. हा पहिला फेरबदल परतवता येण्याजोगा होता, हे येथे नोंदवून ठेवू.

१९१५ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट उसळली. मोठ्या सभागृहांत या वाद्याचा आवाज पुरेना. या गरजेतून जॉर्ज ब्यूशाँप व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये बाजारात आणलेले 'ए-२२' हे वाद्य व्यापारी यश मिळविणारी पहिली विद्युत-गिटार ठरले, आणि ती स्टील गिटार होती. ओतीव ॲल्युमिनियमचे वाटोळे अंग व त्याला जोडून लांब दांडी, अशा आकारामुळे लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणावयास सुरुवात केली. ब्यूशाँप याला एकस्व मिळावयास मात्र १० ऑगस्ट १९३७ उजाडला.

या वाद्याचे मर्म त्याच्या पिकअपमध्ये आहे. दोन नालाकृती चुंबक समोरासमोर ठेवून तारा त्यांच्या मधून नेलेल्या असतात. खाली सहा लोखंडी खिळ्यांभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्प्रवाह प्रवर्तित होतो. युद्धपूर्व वाद्यांतील चुंबक दीड इंच रुंद असत. युद्धानंतर ते सव्वा इंचाचे झाले. जाणकार या पाव इंचाचे मोल जाणतात आणि रुंद चुंबकाच्या वाद्याचा शोध घेत असतात.

ॲल्युमिनियमचा दोष लवकरच दिसून आला. त्याचा प्रसरणांक पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आहे. रंगमंचावरील दिव्यांनी वाद्य दहा अंश सेल्सिअसने तापले, तर अंग तारेपेक्षा अधिक लांबते व तार ताणली जाते. हिशेब करता, ३३० हर्ट्झला लावलेली पहिली तार सुमारे एक टक्क्याने, म्हणजे अर्धस्वराच्या सहाव्या भागाइतकी, चढते. सर्व तारा सारख्याच चढल्या असत्या तर वादकाने चालवून घेतले असते. परंतु प्रत्येक तारेचा ताण निराळा असल्याने त्या वेगवेगळ्या प्रमाणात बेसूर होतात. म्हणून १९३५ मध्ये बॅकेलाइटचे 'मॉडेल बी' आले. बॅकेलाइट उष्णतेला दाद देत नाही. पण ते ठिसूळ असते, हातून पडले की तडकते. आज जी जुनी वाद्ये तडा गेलेली आढळतात, त्यांतील अनेकांचे कारण एवढेच साधे असते.

पेडलने काय दिले, काय घेतले

पेडल जोडलेली वाद्ये १९४० च्या सुमारासही होती. परंतु १९५४ मध्ये लोकप्रिय झालेल्या वेब पिअर्स याच्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून तिचा स्वर बदलला. तो परिणाम एवढा नवीन होता की, अनेक वादकांनी आपल्या चांगल्या वाद्यांना भोके पाडून सळया व पेडले बसविली. ज्या वाद्यांवर हा प्रयोग झाला, त्यांपैकी कित्येक नंतर ना धड पेडलची राहिली ना मूळ स्वरूपाची.

पेडल नसलेल्या वाद्यात स्वरांतर बदलावयाचे तर दांडा तिरपा धरावा लागतो. हे उदाहरणाने स्पष्ट होईल. 'सी-सिक्स्थ' या स्वरजुळणीत वरच्या दोन तारांत सा आणि शुद्ध गांधार यांचे अंतर असते. दांड्याचे टोक गांधाराच्या तारेवर एक घर पुढे नेले की सा-मध्यम मिळतो. उलट एक घर मागे घेतले की सा-कोमल गांधार. साडेबावीस इंच कंपनलांबीच्या वाद्यावर पहिले घर सव्वा इंचाचे असते, तर बाराव्या रेषेपुढील घर त्याच्या निम्मे. म्हणजे एकाच स्वरांतरासाठी दांड्याचा तिरपेपणा जागोजागी बदलतो, आणि वाद्यावर नुसत्या रेषा आखलेल्या असल्याने आधार फक्त कानाचा. जेरी बर्ड (१९२०–२००५) हा या तंत्राचा श्रेष्ठ साधक होय. सभोवतालचे बहुतेक वादक पेडलकडे वळले असता त्याने ती स्वीकारली नाहीत आणि १९७२ मध्ये तो हवाईला जाऊन स्थायिक झाला. 'सी-सिक्स्थ' जुळणीचे श्रेयही त्यालाच दिले जाते. त्याच्या वादनातील गोडवा या मर्यादेतून आलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मर्यादा काढून टाकणारा फेरबदल वाद्य सुधारीत नाही; तो त्याचे दुसरे वाद्य करतो.

तारा, ताण आणि नवी जुळणी

नव्या मालकाला पहिला मोह होतो तो स्वरजुळणी बदलण्याचा. तो निरुपद्रवी दिसतो, परंतु तसा नेहमीच नसतो. तारेचा ताण हा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जुनी हवाईयन 'ए-मेजर' जुळणी खालून वर ए, सी-शार्प, ई, ए, सी-शार्प, ई अशी आहे. 'सी-सिक्स्थ' ही सी, ई, जी, ए, सी, ई अशी. पहिल्या जुळणीच्या तारा तशाच ठेवून दुसरी लावली, तर खालच्या तिन्ही तारा प्रत्येकी तीन अर्धस्वर चढवाव्या लागतात आणि त्यांचा ताण सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. ओतीव ॲल्युमिनियम हे सोसेल. पण जुन्या खुंट्यांचे झिजलेले दाते, बॅकेलाइटची सांध्यावर बसविलेली दांडी यांची खात्री कोणी द्यावी? १९२० च्या दशकात हेर्मान वाइसेनबोर्न याने घडविलेल्या पोकळ दांडीच्या हलक्या लाकडी वाद्यांची तर घोडीच उखडून येऊ शकते. उपाय सोपा आहे : तारेचा व्यास सुमारे १६ टक्क्यांनी कमी केला की नव्या स्वरावरही ताण पूर्वीइतकाच राहतो. तारा ही झिजून जाणारी वस्तू आहे. त्या बदलल्याने वाद्याचे काही जात नाही.

हा भेद आपल्याला नवा नाही. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसतो, म्हणजे पदार्थ कायमचा काढून टाकतो. तरी त्याला कोणी नासधूस म्हणत नाही, कारण घोडी झिजावयाची व बदलावयाचीच असते. भोपळ्याला मात्र तो हात लावीत नाही. स्टील गिटारमध्ये भोपळ्याची जागा अंग, पिकअप व मूळ लेप यांची आहे.

पिकअप आणि वीज

खरी कसोटी पिकअपपाशी लागते. दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीवर, वेटोळ्याची तार गंजून तुटते आणि वाद्य मुके होते. अशा वेळी नवे वेटोळे गुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते. पण आवाज 'जरा मोठा हवा' म्हणून शाबूत वेटोळे उलगडणे हे अक्षम्य मानले पाहिजे. वेढ्यांची संख्या वाढविली की आवाज वाढतो, पण वरचे सूक्ष्म स्वर मंदावतात, आणि मूळचे वेढे किती होते हे मोजलेले नसल्यास परत फिरता येत नाही. चुंबक सोडवावे लागलेच तर त्यांच्या टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवावी, त्यांवर आघात होऊ देऊ नये. आवाज कमी-जास्त करणारा पोटेन्शिओमीटर खरखर करू लागला की तो फेकून देण्याकडे दुरुस्ती करणाऱ्यांचा कल असतो. तसे करू देऊ नये. अनेक जुन्या पोटेन्शिओमीटरांवर उत्पादक व निर्मितीचा आठवडा दर्शविणारे आकडे ठोकलेले असतात, आणि वाद्याचा काल ठरविण्याचे ते एक विश्वसनीय साधन असते. १९५० च्या दशकातील फेंडरच्या 'स्ट्रिंगमास्टर' वाद्यांसारख्या कारखानदारी वाद्यांच्या बाबतीत या आकड्यांचा फार उपयोग होतो.

एका बाबतीत मात्र जुन्याचा आग्रह सोडावा. अमेरिकेतून येणारे जुने ॲम्प्लिफायर सुमारे ११७ व्होल्टचे असतात व त्यांना दोनच पिना असतात. आपल्याकडे २३० व्होल्टवर रोहित्राशिवाय ते जोडणे म्हणजे जाळणे होय. शिवाय साठ हर्ट्झसाठी केलेले त्यांचे अंतर्गत रोहित्र पन्नास हर्ट्झवर अधिक तापते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, वाद्याच्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात आणि वादकाच्या हाती पोलादी दांडा असतो. सांगाड्यात गळती झाल्यास झटका थेट हाताला बसतो. तेथे तीन पिनांची भूसंपर्कित जोडणी करून घ्यावी. मूळ वायर पिशवीत घालून ठेवता येते, वादक ठेवता येत नाही.

भारतीय मार्ग

भारतात या वाद्याचे फेरबदल अधिक धाडसी झाले. ताऊ मो हे हवाईयन वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यास राहिले. त्या शहराने या वाद्याचे अनेक वादक घडविले. मुंबईत व्हॅन शिप्ले (निधन २००८) यांनी स्वतःच्या आराखड्याची आठ तारांची विद्युत-गिटार वाजविली. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी आड उंच करून व सुराच्या तारा जोडून गिटारवर रागसंगीत मांडले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका सर्वपरिचित आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा व देबाशिष भट्टाचार्य यांची चतुरंगी यांत तरफेच्या तारांची भर पडली.

तरफा बसवावयाच्या म्हणजे दांडीला बाजूने लाकूड जोडणे, खुंट्यांची छिद्रे पाडणे आणि एकूण ताण कितीतरी वाढविणे आले. हा बदल परतवता येत नाही. परंतु भट्ट व भट्टाचार्य यांच्या वाद्यांना आज स्वतंत्र नावे आहेत आणि ती नव्याने घडविली जातात. दुर्मीळ वाद्याच्या मालकास येथे मार्ग सापडतो. त्याला आठवी तार, तरफा वा पेडल हवे असेल, तर जुन्या वाद्याची मापे घेऊन नवे अंग घडवून घ्यावे व सारे प्रयोग त्यावर करावेत. तंतुवाद्यांच्या कामात मुरलेले कारागीर मिरजेत आहेत. लाकडी अंगापुरते तरी हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. खर्च होईल, पण एका 'ए-२२' ला पाडलेले भोक कोणत्याही खर्चाने बुजत नाही.

जुन्या वाद्यावर जे काही करावे लागेल त्याची नोंद मात्र वाद्याच्या पेटीतच असावी : कोणता भाग केव्हा व का काढला, तारांचे व्यास कोणते, स्वरजुळणी कोणती, वेटोळ्याचा रोध किती ओहम भरला. काढलेला प्रत्येक स्क्रू, आड, पोटेन्शिओमीटर चिठ्ठी बांधून त्याच पेटीत ठेवावा, आणि वाद्य दुसऱ्याकडे जाईल तेव्हा पेटीसह जावे.