लिंकन वकील, मुक्काम स्प्रिंगफील्ड

आपल्याकडच्या कितीतरी शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत अब्राहम लिंकन एका पत्राच्या रूपाने भिंतीवर असतो. वसंत बापटांनी त्या पत्राला इतकं देखणं मराठी रूप दिलं, की ते लिंकनने खरंच लिहिलं होतं का, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. लिंकनच्या लेखनाचे साक्षेपाने संपादित केलेले खंड आहेत. त्यांत ते पत्र नाही. पत्राच्या अस्सलपणावरून भांडण्यात मला रस नाही. माझी तक्रार वेगळी आहे. चौकटीतला लिंकन उपदेश करतो. प्रत्यक्षातला लिंकन पाव शतक वचनचिठ्ठ्यांचे दावे चालवत होता. लाकडी खोपट आणि व्हाइट हाउस यांच्या मधली ही वर्षं आपण एका उडीत ओलांडतो. ती एका लहान गावातल्या वकिलाची वर्षं आहेत. आणि त्या वकिलीची सुरुवात, जरा विचित्र वाटेल, पण एका पलटणीत झाली.

1832 चा एप्रिल. तेवीस वर्षांचा लिंकन इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलम या नदीकाठच्या वस्तीत एका दुकानात कामाला होता, आणि दुकान बसायला आलेलं होतं. त्याच सुमारास सॉक जमातीचा वयोवृद्ध नेता ब्लॅक हॉक हजाराहून अधिक माणसं घेऊन मिसिसिपी ओलांडून आपल्या जुन्या मुलखात परतला. त्यांत बायका होत्या, मुलं होती, म्हातारी माणसं होती. 1804 च्या एका कराराने ती जमीन सरकारजमा झाली होती. तो करार करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असं ब्लॅक हॉकचं म्हणणं. राज्यपालाने स्वयंसेवक मागवले. लिंकन गेला.

या पलटणींत कप्तान वरून नेमला जात नसे, शिपाईच निवडत. क्लॅरीज ग्रोव्ह या शेजारच्या वस्तीतली दांडगी पोरं पलटणीत बहुसंख्येने होती. त्यांचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग याच्याशी लिंकनची पूर्वी कुस्ती झाली होती आणि कुस्तीतून दोस्ती. त्यांनी लिंकनला कप्तान केलं. पुढे अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली असताना लिहिलेल्या त्रोटक आत्मवृत्तातही, त्या विजयाएवढा आनंद आपल्याला नंतर कुठल्याच यशाने दिला नाही, असं तो सांगतो. कवायतीत मात्र कप्तानसाहेब कच्चे. एकदा पलटण आडव्या रांगेत चालत असताना समोर कुंपणाचं फाटक आलं आणि रांग उभी वळवण्याचा हुकूम त्याला आठवेना. तेव्हा त्याने पलटणीला दोन मिनिटांची सुट्टी दिली आणि सगळ्यांनी फाटकापलीकडे पुन्हा उभं राहावं, असं फर्मावलं. ही गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगे.

पहिली मुदत संपल्यावर बहुतेक लोक घरी गेले. लिंकन साधा शिपाई म्हणून पुन्हा दाखल झाला, मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी त्याची नोंद करणारा तरुण लेफ्टनंट होता रॉबर्ट अँडरसन. 1861 मध्ये याच अँडरसनच्या ताब्यातल्या फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध पेटलं. एकूण नोकरी सुमारे ऐंशी दिवसांची. लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. लढाईनंतरची प्रेतं पुरण्याचं काम आलं. जुलैमध्ये सुटका झाली तेव्हा आदल्या रात्री घोडा चोरीला गेलेला, त्यामुळे घरापर्यंतची वाट थोडी पायी, थोडी होडीतून.

1848 मध्ये काँग्रेसच्या सभागृहात त्याने आपल्या या पराक्रमाची यथेच्छ टिंगल केली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले विरोधी उमेदवार जनरल कॅस यांची युद्धकीर्ती फुगवली जात होती. तिला टाचणी लावण्यासाठी आपण रानकांद्यांवर केलेल्या चढाया आणि डासांशी झालेल्या रक्तरंजित चकमकी त्याने वर्णन केल्या. भाषण मजेदार आहे. पण ते वाचताना मला बॅड ॲक्स आठवतं. लिंकन घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत, 1832 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, मिसिसिपी ओलांडून परत जाऊ पाहणाऱ्या ब्लॅक हॉकच्या लोकांवर सैन्याने त्या ठिकाणी गोळीबार केला, बायकामुलंही मेली. पुढे त्या मोहिमेतल्या सेवेपोटी सरकारने लिंकनला आयोवात एकूण 160 एकर जमीन दिली, आणि त्याने ती घेतली. मोहीम कशासाठी होती, हे या एकरांवरून कळतं.

त्याची स्वतःची खरी मिळकत मात्र वेगळी होती. त्या छावणीत त्याला मेजर जॉन टॉड स्टुअर्ट भेटला. स्टुअर्ट स्प्रिंगफील्डचा वकील. दोन वर्षांनी दोघे राज्याच्या विधिमंडळात एकत्र आले, तेव्हा त्याने लिंकनला वकिलीचा नाद लावला आणि स्वतःच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं वाचायला दिली.

दरम्यान पोट चालवायचं होतं. युद्धावरून आल्या आल्या लढवलेली विधिमंडळाची निवडणूक तो हरला होता, पण न्यू सेलममधल्या 300 मतांपैकी 277 त्याला पडली होती. गाव पाठीशी होतं. 1833 मध्ये तो तिथला पोस्टमास्तर झाला. वाटायची पत्रं टोपीत ठेवून हिंडे. शिवाय सरकारी मोजणीदाराचा हाताखालचा माणूस म्हणून शेतांच्या हद्दी आखून देई. भागीदारीत घातलेलं दुकान बुडालं, भागीदार वारला आणि सगळं कर्ज एकट्याच्या डोक्यावर आलं. सावकाराने हुकूमनामा मिळवला. घोडा, खोगीर, मोजणीची साधनं जप्त होऊन लिलावात निघाली. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने ती विकत घेतली आणि त्याला परत दिली. पुढे ज्या वकिलाने शेकडो ऋणकोंवर हुकूमनामे मिळवले, त्याच्यावर आधी एक बजावला गेला होता, हे ध्यानात ठेवावं.

1836 मध्ये सनद मिळाली. 1837 च्या एप्रिलमध्ये तो उसन्या घोड्यावरून स्प्रिंगफील्डला आला आणि स्टुअर्टचा भागीदार झाला. हे गाव तेव्हा हजार-दीड हजार वस्तीचं, चिखलाच्या रस्त्यांचं. पण राज्याची राजधानी तिथे हलवण्याचा ठराव नुकताच झाला होता. तो ठराव करून घेणाऱ्या नऊ उंचपुऱ्या आमदारांतला एक लिंकन होता. राजधानी आली म्हणजे वरिष्ठ कोर्ट आलं, पक्षकार आले. आपल्या गावाला तालुक्याचं ठिकाण मिळावं म्हणून धडपडणाऱ्या पुढाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

खरी वकिली मात्र गावाबाहेर होती. इलिनॉयच्या आठव्या न्यायमंडळात एका वेळी चौदापर्यंत जिल्हे होते आणि न्यायाधीश एकच. वसंतात आणि शरदात, दोन्ही वेळा कित्येक आठवडे न्यायाधीश एका जिल्ह्याच्या गावाहून दुसऱ्या गावी जाई आणि मागोमाग वकिलांचा तांडा. 1848 पासून या मंडळावर डेव्हिड डेव्हिस होता, तीनशे पौंडांहून वजनदार. खाणावळीत वकील एका खाटेवर दोघे झोपत; न्यायाधीशाला स्वतंत्र खाट, यात आदर किती आणि नाइलाज किती, ते सांगणं कठीण. बग्गी गावात शिरली की पक्षकार तिथेच गाठत. सकाळी ऐकलेली हकिकत दुपारी ज्यूरीपुढे मांडायची. संध्याकाळी सकाळचे प्रतिपक्षी एकाच शेकोटीपाशी, आणि मधोमध किस्से सांगणारा लिंकन. बाकीचे वकील आपापल्या भागातली गावं करून परतत. न्यायाधीशाबरोबर अख्खा फेरा तो करी.

खटले कसले? अभ्यासकांनी त्याची व त्याच्या भागीदारांची पाच हजारांहून जास्त प्रकरणं शोधून काढली आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक कर्जवसुलीची. उरलेल्यांत हद्दीचे तंटे, घटस्फोट, वाटण्या, अब्रुनुकसानी, डुकरं आणि घोडे. फी बहुधा पाच, दहा, वीस डॉलर. तरुण वकिलांसाठी केलेल्या एका टिपणात त्याने बजावलं आहे, की शक्य तिथे शेजाऱ्याशी तडजोड करायला लावा. भांडणं उकरून काढणारा वकील हा माणूस म्हणून वाईट. हे तत्त्वज्ञान वाटतं, पण त्यात हिशोबही आहे. शंभर उंबऱ्यांच्या गावात आजचा प्रतिवादी उद्याचा अशील असतो, परवाचा मतदार असतो आणि ज्यूरीतही बसतो.

गुलामगिरीच्या प्रश्नावर हा वकील कुठे उभा होता? इथे चौकटीतल्या लिंकनचे चाहते अडचणीत येतात. 1841 मध्ये नान्स नावाच्या कृष्णवर्णी स्त्रीच्या विक्रीपोटी लिहून दिलेली वचनचिठ्ठी वसुलीला आली. लिंकन देणेकऱ्याच्या बाजूने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. या राज्यात माणूस स्वतंत्र असल्याचं गृहीत धरलं जातं, म्हणून विक्रीच बेकायदा आणि चिठ्ठी पोकळ, हा त्याचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. दावा पैशांचा, पण निकालात नान्स मुक्त ठरली. तिचा मुलगा पुढे यादवी युद्धात इलिनॉयच्या कृष्णवर्णी पलटणीत भरती झाला.

सहा वर्षांनी, 1847 मध्ये, उलट घडलं. केंटकीचा रॉबर्ट मॅटसन आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर आणून राबवत असे. जेन ब्रायंट ही स्त्री चार मुलांसह पळाली आणि दोघा गुलामगिरीविरोधकांच्या आसऱ्याला गेली. कोल्स जिल्ह्याच्या कोर्टात मॅटसनच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत लिंकन होता. जेनला आसरा देणाऱ्यांपैकी डॉक्टर रदरफर्ड आधी त्याच्याकडेच आले होते, पण तो दुसऱ्या बाजूला गुंतला होता. लिंकन हरला, जेन आणि मुलं सुटली. चरित्रकारांनी याची बरीच सारवासारव केली आहे: वकिलाने आलेला पक्षकार नाकारू नये, त्याने युक्तिवाद मनापासून केला नाही, वगैरे. मला ती पटत नाही. त्याने काम घेतलं, आणि तो जिंकला असता तर पाच माणसं पुन्हा गुलामीत गेली असती. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामीविरुद्धच्या त्यांच्या कार्यासाठी. त्या लोकांत रदरफर्डसारखे निनावी डॉक्टरही येतात, आणि 1847 च्या त्या दिवशी ते लिंकनच्या विरुद्ध बाजूला बसले होते.

स्प्रिंगफील्डमधलं त्याचं सार्वजनिक आयुष्य लहान गावाला शोभेल असंच होतं. गावच्या पंच मंडळावर तो काही काळ होता. 1838 मध्ये गावातल्या तरुणांच्या व्याख्यानमंडळात त्याने झुंडशाहीवर भाषण केलं. सेंट लुईसमध्ये एका मिश्रवर्णी माणसाला जमावाने जिवंत जाळलं होतं, आणि काही आठवड्यांपूर्वीच इलिनॉयच्याच ऑल्टन गावात संपादक लव्हजॉयचा खून झाला होता. वक्ता अठ्ठावीस वर्षांचा, भाषा जरा भरजरी. मुद्दा मात्र आजही वर्तमानपत्र उघडलं की ताजा. विल्यम फ्लरव्हिल हा हैतीहून आलेला न्हावी त्याचा मित्र होता आणि अशीलही. त्याच्या जमिनीचं काम लिंकन पाहत असे. 1857 मध्ये गावातला एक स्वतंत्र कृष्णवर्णी तरुण कागदपत्रांअभावी न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात अडकला. दोन्ही राज्यपालांकडून काही होईना, तेव्हा लिंकन आणि त्याचा भागीदार हर्नडन यांनी वर्गणी काढून त्याला सोडवून आणलं.

फीच्या बाबतीत त्याला भोळा समजू नये. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला जिल्ह्याने कर लावू नये, हा खटला त्याने 1856 मध्ये जिंकून दिला आणि कंपनीने 5,000 डॉलरची फी देण्यात खळखळ केली, तेव्हा त्याने कंपनीवरच दावा लावून ती वसूल केली. त्यानंतरही कंपनी त्याच्याकडेच येत राहिली.

आणि मग तो प्रसिद्ध पंचांगाचा खटला, 1858 चा मे, गाव बियर्ड्सटाउन. पलटणीतल्या जॅक आर्मस्ट्राँगचा मुलगा डफ खुनाच्या आरोपात सापडला होता. जॅक वारला होता. त्याची बायको हॅना हिच्या घरी लिंकन न्यू सेलमच्या दिवसांत जेवला-झोपला होता. चार्ल्स ॲलन या साक्षीदाराने सांगितलं, की रात्री अकराच्या सुमारास, चंद्र डोक्यावर असताना, आपण डफला वार करताना पाहिलं. लिंकनने उलटतपासणीत ते चांदणं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग खुनाच्या वर्षीचं पंचांग पुढे केलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. डफ सुटला. फी घेतली नाही. पाच वर्षांनी डफ सैन्यात असताना आजारी पडला आणि हॅनाने थेट अध्यक्षांना साकडं घातलं. लिंकनने त्याला सैन्यातून मोकळं करण्याचा हुकूम दिला.

हे सगळं आज इतक्या तपशिलाने सांगता येतं ते दफ्तरांमुळे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अभ्यासकांनी इलिनॉयच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कोर्टांची जुनी गाठोडी सोडून एकेक कागद तपासला. काही कागदांवरच्या लिंकनच्या सह्या हौशी संग्राहकांनी आधीच कापून नेल्या होत्या. जमलेलं सारं साहित्य 2000 मध्ये प्रसिद्ध झालं आणि आज ते कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतं. आपल्याकडे कोर्टाची जुनी प्रकरणं ठरावीक मुदतीनंतर नियमानुसार नष्ट केली जातात. वाई, कराड, अमळनेर, अचलपूर अशा गावांत शंभर वर्षांपूर्वी वकिली करणाऱ्यांनी शाळा काढल्या, वाचनालयं चालवली, नगरपालिका सांभाळल्या. त्यांच्या खटल्यांचे कागद उरले असतील तर ते आता बहुधा घरांच्या माळ्यांवरच. आजोबा-पणजोबांची अशी वकिली दफ्तरं कुणाकडे असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला एक पत्र टाकावं.