सापडायला सोपा, पण शोधतो कोण?

६ ऑक्टोबर १९९५ रोजी फ्लॉरेन्समधील परिषदेत मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या स्विस खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केलेला ग्रह पाठ्यपुस्तकात बसणारा नव्हता. सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘५१ पेगॅसी’ या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती तो अवघ्या ४.२ दिवसांत फेरी पूर्ण करत होता. वस्तुमान किमान गुरूच्या निम्मे आणि ताऱ्यापासूनचे अंतर मात्र बुध-सूर्य अंतराच्या सातव्या हिश्श्याइतके. ग्रह दिसला नव्हता. त्याच्या ओढीने तारा सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने मागेपुढे डुलतो, हे ताऱ्याच्या वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून कळले होते. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला जेमतेम १२ मीटर वेगाने डुलतो, तोही १२ वर्षांच्या चक्रात. म्हणजे हा ग्रह शोधायला कितीतरी सोपा होता. तरी तो इतक्या उशिरा का सापडला? माझ्या मते अडचण उपकरणांपेक्षा अपेक्षेची होती. राक्षसी ग्रह ताऱ्यापासून लांबच असणार, हे आपण आपल्याच सूर्यमालेवरून गृहीत धरले होते.

यावर हरकत घेता येईल की, तेवढी अचूकता आधी होतीच कुठे? होती. कॅनडाचे ब्रूस कॅम्पबेल आणि गॉर्डन वॉकर १९८०च्या दशकातच सेकंदाला साधारण १५ मीटरपर्यंतचे डुलणे टिपत होते. मात्र त्यांच्या यादीत तारे होते २१, आणि असे ‘तप्त गुरू’ सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे जेमतेम एखाद्याभोवती असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्या हाती काही लागले नाही यात नशिबाचाही भाग होता, हे मान्य करायला हवे. मेयर-केलोझ यांनी १४२ तारे घेतले. पण अमेरिकेतील जेफ मार्सी आणि पॉल बटलर यांचे काय? त्यांच्याकडे निरीक्षणांचा ढीग पडून होता. आकडेमोडीची घाई नव्हती, कारण अपेक्षा वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांची. फ्लॉरेन्सची बातमी आल्यावर त्यांनी दुर्बीण ‘५१ पेगॅसी’कडे वळवली आणि काही दिवसांत शोधाला दुजोरा दिला, पडून असलेल्या नोंदी तपासल्या, तर काही महिन्यांत आणखी दोन ग्रह निघाले. गंमत म्हणजे खगोलशास्त्रज्ञ ओटो स्ट्रूव्ह यांनी १९५२मध्येच लिहून ठेवले होते की, गुरूएवढा ग्रह ताऱ्याला खेटून दिवसभरात फेरी मारत असला तर त्याचा माग काढता येईल. तो छोटेखानी लेख कोणी मनावर घेतला नाही.

दुसरी शंका अधिक वजनदार होती. कशावरून हा ग्रहच? ताऱ्याचा पृष्ठभागच आतबाहेर स्पंदत असला तरी रेषा अशाच सरकतील. १९९७मध्ये खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रे यांनी नेमका हाच आक्षेप घेतला, आणि अधिक बारकाईच्या मोजमापांत स्पंदनात बदलावा तसा रेषांचा आकार बदलत नसल्याचे दिसल्यावर पुढच्याच वर्षी तो सोडूनही दिला. उरलीसुरली शंका १९९९मध्ये फिटली. ‘एचडी २०९४५८’ या ताऱ्याच्या डुलण्यावरून वर्तवलेल्या वेळीच ग्रह त्याच्यासमोरून गेला आणि ताऱ्याचा उजेड सुमारे दीड टक्क्याने घटला. स्पंदनाला सावली नसते! त्या सावलीवरून ग्रहाचा आकार मिळाला, वस्तुमानाशी ताडून घनता काढली, तर ती पाण्याहूनही कमी. तो वायूचाच फुगलेला गोळा होता.

मग तो तिथे पोहोचला कसा? ताऱ्याच्या इतक्या जवळ गुरूएवढा ग्रह घडायला पुरेसा माल मिळणे कठीण. म्हणून तो लांब जन्मला आणि वायू-धुळीच्या तबकडीतून आत सरकला, असे बहुतेकांना वाटते. ही कल्पना पीटर गोल्डराइक आणि स्कॉट ट्रेमेन यांनी १९८०मध्येच गणिताने मांडली होती. मात्र ‘वास्प-१७बी’ हा ग्रह ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. शांतपणे आत सरकलेला ग्रह असा उलटा फिरणे अवघड. त्याला बहुधा दुसऱ्या एखाद्या ग्रहाने किंवा ताऱ्याने ढकलले असावे.