धावपट्टीच्या मापाची विमाने

विमान कंपनीच्या ताफ्यात कोणती विमाने असावीत, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: धावपट्टीची लांबी, प्रवासाचे अंतर आणि मिळणारे प्रवासी. रहिमतपूरच्या प्रवाशाला हा हिशेब चांगला दिसतो. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या या गावातून विमान गाठायचे तर उत्तरेला पुणे आणि दक्षिणेला कोल्हापूर. कराडची धावपट्टी अधिक जवळची, पण कोयना प्रकल्पाच्या काळातली ती पट्टी तोकडी आहे आणि नियमित प्रवासी विमाने तिथे उतरत नाहीत.

कोल्हापूरची धावपट्टी अनेक वर्षे 1,370 मीटरच होती. अलीकडे ती दोन किलोमीटरच्या आसपास गेली. अशा ठिकाणी हक्काचे विमान म्हणजे एटीआर-72. पंख विमानाच्या वरच्या अंगाला, त्यांना दोन इंजिने आणि फिरणारे पाते. अशा टर्बोप्रॉप इंजिनात जेटच्याच तत्त्वावर टर्बाइन फिरते, मात्र तिची बहुतेक शक्ती पाते फिरवण्यात जाते. पाते भरपूर हवा सावकाश मागे लोटते, त्यामुळे कमी वेगात इंधन वाचते आणि विमान लवकर वर उचलले जाते. वेग ताशी सुमारे 500 किलोमीटर, आसने सत्तरच्या पुढे. तास-दीड तासाच्या प्रवासात जेटच्या तुलनेत थोडाच वेळ जास्त लागतो. तरीही पाते दिसले की विमान ‘जुने’ वाटते. हा समज काही जाता जात नाही.

कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर 2019 मध्ये सुरू झाली, ती मात्र छोट्या जेटवर. आधी ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचे 50 आसनी ईआरजे-145, नंतर 76 आसनी ई-175. ई-175 मध्ये साध्या वर्गात दोन-दोन आसनांची रांग असते, म्हणजे मधले आसन कुणाच्याच वाट्याला येत नाही.

पुण्याच्या लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि अधिक लांब. तिथे एअरबस ए-320 आणि बोइंग 737 यांचे राज्य. मधून एकच वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने आणि साधारण 180 प्रवासी. ए-320चे पहिले उड्डाण 1987 मधले. वैमानिकाचा हुकूम तारांतून संगणकामार्फत पंखांपर्यंत पोहोचवणाऱ्या प्रवासी विमानांत ते अग्रणी. त्याच कुटुंबातले लांबट ए-321 उडवायला वैमानिकाला नवा परवाना लागत नाही. अनेक कंपन्या ताफ्यात एकच कुटुंब ठेवतात ते याचसाठी. सुटे भाग आणि तंत्रज्ञांचा खर्चही त्यातून वाचतो.

मुंबईहून लंडन किंवा न्यूयॉर्क गाठायचे तर दोन वाटांची रुंद विमाने लागतात: बोइंग 777, 787 किंवा ए-350. 787च्या वजनात सुमारे निम्मा वाटा कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा असतो. एअर इंडियाकडे ते 2012 मध्ये आले. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून पूर्ण भरलेल्या अशा विमानाला लांबलचक धावपट्टीच हवी.

या विमानांचे पोट मालासाठी असते. प्रवाशांच्या पेट्यांशिवाय 777-300ईआरमध्ये वीस टनांच्या आसपास माल मावतो, आणि हवाई मालाचा मोठा हिस्सा अशाच प्रवासी विमानांतून जातो. निव्वळ मालवाहू विमानात आसनेच नसतात. मुख्य मजल्याच्या बाजूला मोठे दार, जमिनीवर रोलर आणि मजबूत केलेली फरशी. इंडिगोने प्रवासी ए-321 मालवाहू करून वापरात आणली. त्यांची क्षमता प्रत्येकी 27 टनांपर्यंत. ब्लू डार्टकडे जुनी 757 आहेत. भरताना डबे तोलून ठेवावे लागतात, कारण गुरुत्वमध्य मर्यादेपलीकडे सरकला तर विमान सावरणे कठीण जाते.

हवाई भाडे किलोवर आकारले जाते, म्हणून हापूस, फुले, औषधे असा नाशवंत किंवा मोलाचा मालच परवडतो. रहिमतपूर भागातले आले आणि सांगलीच्या पेठेतली हळद वजनदार, टिकाऊ. ती ट्रक, रेल्वे आणि जहाजानेच जाते.