घराचे मूल्य आणि घरावरील कर

नागरिक जे निरनिराळे कर भरतो, त्यांत घरावरील कराचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. आयकर हा हाती आलेल्या मिळकतीवर बसतो. वस्तू व सेवा कर हा प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारावर. घरावरील कर मात्र पुष्कळदा अशा रकमेवर आकारला जातो, की जी कोणाच्याही हाती आलेली नसते. मालक स्वतःच्या घरात राहत असतो, त्याला कोणी भाडे देत नाही. तरीही हे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती उत्पन्न आले असते, याचा अंदाज बांधून कर ठरविला जातो. अंदाज म्हटला की त्यात चूक संभवते, आणि म्हणूनच तो तपासून पाहण्याचा अधिकार कायद्याने करदात्याला दिलेला आहे.

छत्तीसगढमधील भिलाईच्या पोलाद कारखान्यालगतचे रिसाली हे या दृष्टीने पाहण्याजोगे नगर आहे. एकीकडे कारखान्याने वसविलेली निवासस्थाने, दुसरीकडे नेवई, मरोदा, डुंडेरा यांसारखी जुनी गावे आणि या दोहोंच्या मधून उभी राहिलेली खाजगी घरे, अशी त्याची रचना आहे. पूर्वी हा भाग भिलाई नगरपालिक निगमात होता. पुढे रिसालीचे स्वतंत्र निगम झाले व त्याची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये पार पडली. नव्या संस्थेला रस्ते, गटारे, दिवाबत्ती यांचा खर्च स्वतः भागवावा लागतो आणि त्यासाठीचे हक्काचे साधन म्हणजे ‘संपत्तिकर’, म्हणजेच महाराष्ट्रातील घरपट्टी.

छत्तीसगढने हा कायदा मध्यप्रदेशाकडून वारसाहक्काने घेतला. त्यानुसार घराचे ‘वार्षिक भाडेमूल्य’ काढले जाते. वस्तीचा विभाग, बांधकाम पक्के की कच्चे आणि वापर राहण्यासाठी की व्यापारासाठी, या तीन गोष्टींवरून दर चौरस फुटाचा वार्षिक दर ठरतो. त्याला क्षेत्रफळाने गुणून, दुरुस्तीखर्चापोटी काही भाग वजा करून, उरलेल्या रकमेवर ठरावीक टक्के कर बसतो. मालक स्वतः राहत असल्यास त्या करात निम्मी सूट मिळते.

समजुतीसाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. घर ८०० चौरस फुटांचे आणि दर १० रुपये असेल, तर भाडेमूल्य ८,००० रुपये झाले. दुरुस्तीचे १० टक्के वजा जाता ७,२०० उरले. त्यावर १० टक्के कर म्हणजे ७२० रुपये आणि सुटीनंतर ३६० रुपये. आता निगमाच्या नोंदवहीत क्षेत्रफळ चुकून १,००० चौरस फूट लिहिले गेले, तर हाच कर ४५० रुपये होतो. आणि भर म्हणून घर भाड्याने दिल्याची नोंद झाली, तर ९०० रुपये. घराची एक वीटही हललेली नसताना कर अडीचपट होतो. म्हणून देयकाची रक्कम वाढलेली दिसताच प्रथम शोधावे ते हे, की साखळीतील कोणती कडी बदलली: क्षेत्रफळ, विभाग, बांधकाम, वापर, की कराचा दर? देयकात समेकित कर, शिक्षण उपकर, पाणीपट्टी यांसारख्या अन्य बाबीही असतात; वाढ त्यांतलीच आहे काय, हेही पाहावे.

रिसालीत ही माहिती प्रथम मालकानेच स्वविवरणीत भरून द्यावयाची असते. तीत घर जाणूनबुजून लहान दाखविल्यास फरकाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे. अर्थात प्रामाणिकपणाचे ओझे दोन्ही बाजूंवर आहे.

हरकत कोठे टिकते व कोठे टिकत नाही, हे दोन खटल्यांवरून स्पष्ट होते. छत्तीसगढमधीलच कोरबा येथे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीने अशा कराला आव्हान दिले होते. कंपनीचे सर्व भांडवल केंद्र सरकारचे आहे, आणि संविधानाच्या २८५ व्या अनुच्छेदानुसार केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा कर बसत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो अमान्य केला. भागधारक कोणीही असला तरी कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय, आणि तिची मालमत्ता ही तिचीच, असा हा निर्णय होता.

मुंबईत याच्या उलट घडले. तेथे भाड्याऐवजी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर कर आकारण्याची पद्धत १ एप्रिल २०१० पासून लागू झाली. तिच्या नियमांत जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल, तेही मूल्यात धरले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे नियम रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मालमत्ता आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीचेच मूल्य धरले पाहिजे, उद्याच्या शक्यतेचे नव्हे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. कोरब्यात कर भरण्याचे दायित्वच नाकारले गेले होते. मुंबईत प्रश्न मूल्य काढण्याच्या रीतीचा होता.

सामान्य घरमालकाला इतके दूर जाण्याची गरज क्वचितच पडते. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात आकारणी वाढविण्यापूर्वी मालकाला विशेष सूचना देण्याची आणि तक्रारीसाठी किमान २१ दिवस ठेवण्याची तरतूद आहे. त्या तक्रारीच्या निकालाविरुद्ध लघुवाद न्यायालयात अपील करता येते. नगरानुसार मुदत व अधिकारी बदलतात. परंतु सूचना, लेखी हरकत, सुनावणी आणि अपील हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. म्हणून सूचना हाती पडताच तिच्यावरील मुदत पाहणे हे पहिले काम होय. हरकतीत ‘कर फार आहे’ असे मोघम विधान उपयोगाचे नसते. मोजलेले क्षेत्रफळ, मंजूर नकाशा, खरेदीखत, स्वतः राहत असल्याचा पुरावा आणि शेजारच्या तशाच घराची आकारणी, यांच्या आधारे नेमकी चूक दाखवावी लागते व अर्जाची पोच घ्यावी लागते. हरकत प्रलंबित आहे म्हणून कर भरणे आपोआप थांबत नाही. अपिलासाठी तर तो आधी भरण्याची अटही असू शकते.

सवलतीही मागितल्याशिवाय टिकतातच असे नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांना १९७० पासून असलेली ४० टक्के सवलत मध्यंतरी काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. परंतु ती गमावलेल्यांना त्यासाठी अर्ज भरून द्यावा लागला.

एका घराची आकारणी चुकीने अधिक झाली, तर त्या कुटुंबावर अन्याय होतो. ती चुकीने कमी झाली, तर तेवढा भार अप्रत्यक्षपणे शेजाऱ्यांवर पडतो. नोंदवही अचूक असण्यात म्हणूनच घरमालकाचे आणि नगराचे हित एकच आहे, आणि योग्य वेळी, योग्य पुराव्यानिशी घेतलेली हरकत हे ती अचूक ठेवण्याचे एक साधन आहे.