सर्व्हरवरचा जुना घटक कमांडने काढताना

(या भागाचं लेखी रूप. ऐकताना कमांड निसटल्या असतील तर इथे सावकाश वाचा.)

सातारा-सांगली एसटीत बसून ऐकताय? मग आधी एक काम करा. मोबाईलवरचं नको असलेलं एखादं ॲप दाबून धरा. काही ॲप्सना ‘अनइन्स्टॉल’ दिसेल, तर कंपनीनेच टाकून दिलेल्या काहींना फक्त ‘डिसेबल’. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्दा. सर्व्हरवरचा घटक का काढायचा? पडून आहे तर राहू दे की!

२७ जून २०१७. न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या कंपनीकडे असलेल्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कंटेनर अडले, कामं हाताने करायची वेळ आली. तासगावची द्राक्षं, बेदाणे परदेशी निघतात ते याच बंदरातून, म्हणजे हे आपल्यापासून लांबचं नाही. कारण होतं ‘नॉटपेट्या’ नावाचं मालवेअर. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते शिरलं आणि जगभर पसरलं. मर्स्कला जवळपास ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक पुन्हा उभे करावे लागले.

पसरण्याचा त्याचा एक रस्ता होता एसएमबी-१. फाईल शेअर करण्याची ही १९८० च्या दशकातली पद्धत. नव्या आवृत्त्या कधीच आल्या होत्या, पण जुनी कुणी काढलीच नव्हती. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये पॅच दिला होता, तोही अनेकांनी टाकला नव्हता. नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरायचं, त्यामुळे एवढं एक काढलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. पण उघडं राहिलेलं मागचं दार बंद तरी होतं.

मग काढायचं कसं? एक सर्व्हर असेल तर माऊसने जमतं. बारा असले की पॉवरशेल लागतं.

पहिली पायरी, आहे का ते बघा: गेट-विंडोजफीचर, पुढे नाव एफएस-एसएमबी१. उत्तरात ‘इन्स्टॉल्ड’, ‘अव्हेलेबल’ किंवा ‘रिमूव्ह्ड’ दिसेल.

काढायची कमांड: अनइन्स्टॉल-विंडोजफीचर, तेच नाव. एवढ्याने घटक निघतो, पण त्याच्या फाईली डिस्कवर राहतात आणि स्थिती ‘अव्हेलेबल’ होते. थोडक्यात, मोबाईलवरच्या ‘डिसेबल’सारखं. सोबत ‘रिमूव्ह’ जोडलं तर फाईलीही जातात. सर्व्हरच्या नावांची यादी करून फॉरईचचा लूप लावला की तेच काम प्रत्येकावर होतं.

इथेच मी आपटले. सांगलीत एका संस्थेचे सर्व्हर सांभाळत होते. रात्री लूप लावला, ‘रिमूव्ह’सकट. बाराही सर्व्हर साफ! सकाळी फोन: “मॅडम, झेरॉक्स मशीनचं स्कॅनिंग फोल्डरात येईना झालंय.” त्या जुन्या मशीनला एसएमबी-१ सोडून दुसरं काही कळतच नव्हतं. कर्जाची कागदपत्रं अडली, माणसं बाकावर ताटकळली. परत टाकायचं म्हटलं तर फाईलीच उरल्या नव्हत्या, विंडोजची मूळ डिस्क शोधावी लागणार होती. शेवटी त्या दिवशी पेनड्राईव्हवर स्कॅन करून भागवलं आणि मग मशीनचं फर्मवेअर अपडेट करून घेतलं. चूक मशीनची नव्हती, माझी होती. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

म्हणून आता माझा क्रम असा:

१. आधी पाळत. सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशनमध्ये ‘ऑडिट-एसएमबी१-ॲक्सेस’ चालू करा. जुन्या पद्धतीने कोण येतंय त्याची नोंद इव्हेंट लॉगमध्ये पडते. महिनाअखेरची कामं त्यात येतील इतके दिवस थांबा.

२. कमांडला ‘व्हॉटइफ’ जोडा. काय होईल ते नुसतं दिसतं, होत काही नाही.

३. बॅकअप घ्या आणि एकाच सर्व्हरवर करून बघा. रीस्टार्ट लागतो, म्हणून कामाच्या वेळेत नको.

४. सगळं नीट चाललं की मग लूप. ‘रिमूव्ह’ सगळ्यात शेवटी.

विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये एसएमबी-१ मुळातच टाकलेलं नसतं. पण आपल्याकडे जुने सर्व्हर वर्षानुवर्षं चालतात. तुमच्या कॉलेजात, कारखान्यात, दुकानात एखादा असेल तर पहिली कमांड नुसती चालवून बघा. ती काहीच काढत नाही, फक्त सांगते.

काय दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!