जात्याला टाकी

पाथर्डी तालुक्यातील आमच्या घरी पडवीत एक जुने जाते आहे. रोजचे दळण गिरणीतून येऊ लागल्याला फार वर्षे झाली. पण दिवाळीआधी डाळ भरडणे आणि लग्नात हळद दळणे ही दोन कामे आजी अजून त्यावरच करते. गेल्या वर्षी थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. जाते धुऊन मांडले, आणि लक्षात आले की हळकुंडाचे तुकडे दळले जात नाहीत, नुसते चेंगरतात. वडील म्हणाले, "नवं आणू." आजी म्हणाली, "आधी टाकी लावून बघ, मग बोल." या वादापायी मला जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

जाते वजनाने दळते असा माझा समज होता. तो अर्धाच खरा आहे. दोन्ही तळ्यांच्या समोरासमोरच्या अंगावर टाकीने पाडलेले बारीक खळगे असतात. त्यांच्या धारांत दाणा सापडतो, फुटतो आणि फिरता फिरता कडेकडे सरकत बारीक होतो. धारा झिजल्या की दगड गुळगुळीत होतो. मग दाणा कापला न जाता घसरतो, फेरे दुप्पट होतात, पीठ तापते. माटुंग्याच्या दक्षिणी दुकानांत कॉफी दळणाऱ्या यंत्राचेही दुखणे हेच. फरक एवढाच, की त्याची दातेरी पोलादी पाती झिजली तर जोडीच बदलावी लागते. दगडाला मात्र पुन्हा धार देता येते.

आणि आपल्याकडे दगडाला काय तोटा! सारा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर बसला आहे. असाच लाव्ह्याचा दगड जर्मनीत मायन येथे निघतो आणि तेथील जाती रोमन काळापासून दूरदूर विकली जात. आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केले. भारतातील फिरत्या जात्यांवर त्यांनी १९५९ मध्ये 'अँटिक्विटी' या इंग्रजी नियतकालिकात लेखही लिहिला. त्याआधीच्या ताम्रपाषाण काळात माणसे दगडावर दगड मागेपुढे घासून दळत. खुंटा धरून गोल फिरवायची युक्ती नंतरची.

टाकी लावणारा मात्र सहज मिळाला नाही. पूर्वी टकारी बायाबापडे गल्लोगल्ली हाळी देत. घरोघरची जाती चालती ठेवणाऱ्या या जमातीचे नाव विमुक्त जातींच्या यादीत आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तेव्हा त्यांना 'विमुक्त' हे नाव मिळाले. आमच्या आळीत हाळी कधी थांबली ते कोणालाच आठवत नाही. शेवटी आठवडे बाजारात पाटे-वरवंटे विकणारे एक म्हातारे बाबा भेटले. त्यांच्याकडे नवी जातीही होती, म्हणून ते नवेच गळ्यात मारतील अशी मला शंका होती.

घरी येऊन त्यांनी दगडाला हातच लावला नाही. आधी वरची तळी उतरवून मधला लाकडी खुंट हलवून पाहिला. "आक्का, हा ढिला झालाय. तळी डुगडुगती, मग एका बाजूनंच झिजती." पुष्कळदा दगडाचा दोष नसतोच, असे त्यांचे म्हणणे. खुंट नवा बसवला. मग त्यांनी वरच्या तळीची जाडी बोटांनी मोजली: कडेला जेमतेम अडीच बोटे.

येथे मला खरी मेख समजली. टाकी लावणे म्हणजे दगडाचा थर काढणे. दगड दळण्याने झिजतो तसा दुरुस्तीनेही झिजतो. तळी पातळ झाली की हलकी होते, दाण्यावर दाब पडत नाही, आणि मग कितीही टाकी लावा, पीठ जाडच. टाकीच्या घावांनी देवपण येते म्हणतात; जात्याला तेच घाव जन्मभर सोसावे लागतात आणि शेवटी त्यांनीच ते संपते. म्हणून वडिलांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, फक्त थोडे लवकर होते. बाबांनी निकाल दिला, "अजून दोन टाक्या सोसंल. पुढं बदला."

दुपारभर ठकठक चालली. मधून मधून ते तळीवर तळहात फिरवून गुळगुळीत राहिलेली जागा शोधीत. मी फार आग्रह केला तेव्हा कडेची वीतभर जागा त्यांनी माझ्यावर सोपवली. जाते मांडल्यावर पहिल्या पसाभर बाजरीच्या पिठात दगडाची कचकच होती. ते टाकून दिले. मग आजीने हळद वैरली आणि ती पिवळीजर्द, मऊ पडू लागली.

माझे खळगे आजही ओळखू येतात. ते नको तितके खोल गेले आहेत. डाळ भरडताना आजी हमखास म्हणते, "तुझ्या बाजूनं चुरा जास्त पडतो बघ."